आजीचं आयुष्य नोंदवून ठेवताना: पहिल्या गप्पांपासून छापील पुस्तिकेपर्यंत

आजी गेल्यावर वर्षश्राद्धाला जी पुस्तिका निघते, तिच्यात बहुतेक घरांत एकच मजकूर असतो. ती प्रेमळ होती, कष्टाळू होती, देवभोळी होती, सगळ्यांचं करता करता तिने स्वतःकडे कधी पाहिलं नाही. यातलं काही खोटं नसतं. पण नाव बदललं की हाच मजकूर शेजारच्या घरातल्या आजीलाही चालून जातो. ती पाणी कुठून आणायची, माहेरचं नाव काय होतं, चौथीनंतर शाळा का सुटली, मुंबईत पहिल्यांदा आली तेव्हा कुणाच्या खोलीत उतरली, हे त्यात कुठेच नसतं. नातवंडं मोठी झाली की विचारतात ते नेमकं हेच, आणि तोवर सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

म्हणून या लेखात तपशिलाचंच बोलायचं आहे. तो मिळवायचा कसा, पडताळायचा कसा आणि टिकेल असा ठेवायचा कसा. सोयीसाठी मी सगळीकडे आजी म्हणते आहे. आजोबा, आत्या, मोठी काकू, लग्न न करता घर सांभाळलेले मामा, कुणाच्याही बाबतीत हेच करता येतं. माणूस समोर असेल तर पहिल्या भागापासून सुरुवात करा. गेलेलं असेल तर तारखा आणि कागद यांच्यापासून.

बोलायला बसताना

वेळ सकाळच्या नाश्त्यानंतरची किंवा दुपारच्या चहाची धरा. जेवणानंतर डोळे मिटायला लागतात, संध्याकाळी मालिका असतात. एका बैठकीत अर्धा-पाऊण तास पुरतो. ऐकू कमी येत असेल तर ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला, पण चेहरा दिसेल असं बसा. ओरडून बोलण्यापेक्षा सावकाश बोललेलं जास्त पोहोचतं.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल पुरे. तो टेबलावर नुसता ठेवू नका, खाली घडी घातलेला पंचा ठेवा, म्हणजे कप-बशीचा आवाज त्यात घुमत नाही. पंखा बंद करा किंवा अगदी हळू ठेवा. कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होऊन जाऊ द्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात आलेली गोष्ट कुणाच्या तरी कॉलने तुटते. आणि रेकॉर्डिंग सुरू आहे हे तिला सांगा. लपून केलेलं मुद्रण पुढे कुणाला ऐकवताना मनाला लागतं.

व्हिडिओचा मोह पहिल्या दोन-तीन बैठकींत टाळा असं माझं मत आहे. कॅमेरा दिसला की आजी पदर सारखा करते, मग सभेत बोलावं तसं बोलायला लागते. आवाजाची सवय झाली की एखाद्या दिवशी तिच्या हातांचा, चालीचा, देवपूजेचा व्हिडिओ घ्या. तो मात्र जरूर घ्या.

काय विचारायचं

‘तुझं बालपण कसं होतं?’ याला उत्तर येतं, ‘होतं चांगलं.’ ‘तुझ्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग कोणता?’ याला तर काहीच येत नाही. विचारायचं ते हात लावता येईल असं.

सगळ्यात जास्त हाताला लागतं ते माहेरच्या घराच्या नकाशातून. कोरा कागद आणि पेन्सिल घ्या आणि तिला विचारत विचारत घर काढा. दार कुठल्या दिशेला होतं? ओटीवर कोण झोपायचं? माजघरात उजेड कुठून यायचा? चूल कुठे, देवघर कुठे, विहीर परसात की गावाची? गोठ्यात किती जनावरं, त्यांची नावं काय? बाळंतिणीची खोली कुठली? घराच्या एकेका कोपऱ्यात माणसं बसलेली असतात. गोठ्याचं विचारलं की गडी आठवतो, बाळंतिणीच्या खोलीचं विचारलं की लहानपणी गेलेलं भावंड आठवतं. हाच नकाशा पुढे पुस्तिकेत छापा. कुणाला चित्र नीट येत नसेल तरी चालेल, आजीने स्वतः ओढलेली वाकडी रेघ त्यात असली तर उत्तमच.

त्यानंतर कामं आणि पैसा. पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत काय काय व्हायचं, क्रमाने. स्वतःच्या हातात पहिल्यांदा पैसे कधी आले, त्याचं काय घेतलं. लग्न कुणी जमवलं, नवऱ्याला पहिल्यांदा कधी पाहिलं, सासरी कशातून गेली, बैलगाडी की एसटी. सासरी गेल्यावर नाव बदललं का? बदललं असेल तर जुन्या नावाने शेवटची हाक कुणी मारली? त्या पिढीतल्या कित्येक जणींचं पाळण्यातलं नाव लग्नात तांदळात लिहिलेल्या नव्या नावाखाली गेलं, आणि ते त्यांच्या नातवंडांना माहीत नसतं. निदान ते तरी आजच विचारून ठेवा.

मध्ये शांतता पडली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थांबा. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तरी ऐका आणि तीही मुद्रित करा, कारण दर वेळी एखादा नवा माणूस त्यात शिरतो.

ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, हदगा, अभंग, आरतीतले घरचे पाठभेद, जे येत असेल ते म्हणवून घ्या. जात्यावरच्या ओव्यांचं मोल काय असतं हे अभ्यासक गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने दाखवलं. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात गोळा झाल्या. तुमच्या आजीच्या चार ओव्या तिच्या माहेरच्या असतील, त्यात भावाचं, गावाचं, नदीचं नाव असेल.

स्मृतिभ्रंश असेल तर रीत बदला. ‘आठवतंय का?’ हा प्रश्नच वापरू नका. त्याने माणूस ओशाळतो. त्याऐवजी हातात वस्तू द्या, जुना अडकित्ता, नथ, कुंकवाचा करंडा, किंवा ओळखीचा अभंग तुम्हीच सुरू करा. ताजं विसरलेल्या माणसालाही लहानपणीचं पुष्कळ सापडतं. चुकलेलं दुरुस्त करू नका. त्या वेळी ती जे म्हणते ते टिपा, पडताळणी नंतर इतरांकडून.

हातचे पदार्थ

‘अंदाजाने घालायचं’ हेच उत्तर येणार. तेव्हा विचारत बसू नका, करायला लावा किंवा तिच्या देखरेखीखाली करा. परात वजनकाट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा आणि तिने मूठ टाकली की आकडा लिहायचा. गोडा मसाला असेल तर धने, तीळ, खोबरं, दगडफूल यांचं प्रत्येकाचं वजन, भाजायचा क्रम आणि कुठल्या रंगावर उतरवायचं ते, रंगाचा फोटो काढून. तिची वाटी कितीची आहे ते पाण्याने मोजा. चिपटं, मापटं, शेर, पायली ही मापं बोलण्यात आली तर तशीच लिहा आणि शेजारी ग्रॅम द्या. या कामात आजी खुलते. चुलीपाशी बसून आठवणी जितक्या सहज निघतात तितक्या खुर्चीत बसून निघत नाहीत, म्हणून मोबाइल इथेही सुरू असू द्या.

साल कसं काढायचं

जुन्या माणसांना सन आठवत नाही, पण काय चाललं होतं ते आठवतं. त्यांच्या आठवणी मोठ्या घटनांना बांधून घ्यायच्या. पुण्याच्या माणसाला विचारा, ‘हे पानशेतच्या आधी की नंतर?’ पूर १२ जुलै १९६१ चा. सातारा-कराड-चिपळूणकडे कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. मराठवाड्यात रझाकारांचे दिवस आणि १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन, लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती. गिरणगावात १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला घरातून कोण गेलं होतं, हा प्रश्न अनेक घरांत एका दमात दहा नावं काढून देतो.

सगळीकडे चालणाऱ्या खुणाही आहेत. गांधीहत्या, ३० जानेवारी १९४८, आणि त्यानंतरची जाळपोळ. नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७. संयुक्त महाराष्ट्र, १ मे १९६०. नेहरू गेले २७ मे १९६४. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२. आणि बहात्तरचा दुष्काळ तर आपल्याकडे कालगणनाच आहे. लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडायला गेलो, असं ऐकलं की साल लावून टाकता येतं. ‘तेव्हा तुझा बापूस पोटात होता’ एवढं वाक्य मिळालं की बाकीचं गणित आपलं आपण करायचं.

जन्मतारखेबाबत सावध राहा. आधार कार्डावर १ जून असेल तर ती बहुधा शाळेत गुरुजींनी घातलेली तारीख आहे. त्या काळी नाव दाखल करताना सरसकट तीच लावली जायची. पत्रिका सापडली तर तिच्यावर शक आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जन्म जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९ मिळवायचे. शके १८६१ चा फाल्गुन म्हणजे १९४० चा मार्च, १९३९ चा नव्हे. पुस्तिकेत दोन्ही तारखा द्या आणि कुठली कुठून आली ते लिहा.

घरातले पुरावे

आधी भांडी बघा. आपल्याकडे लग्नाच्या आहेरात दिलेल्या भांड्यावर नाव कोरून द्यायची पद्धत होती, आणि माळ्यावरची पितळी भांडी उतरवली की काठाखाली अर्धा वंशवृक्ष सापडतो. आमच्याकडे एक कडीचा डबा आहे. चिंचेने घासल्यावर त्याच्या गळ्याशी टिंबा-टिंबांनी कोरलेली ओळ दिसली: आजीचं माहेरचं नाव, ‘मामांकडून’ आणि १७-५-५९. घरात सगळे लग्न साठ सालचं म्हणत होते. एका डब्याने साल तर दिलंच, शिवाय तिला एक मामा होते, ज्यांचं नाव कुणी कधी घेतलं नव्हतं, त्यांच्या शोधाला सुरुवात झाली. प्रत्येक भांड्यावर तिरपा उजेड पाडून फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात.

त्यानंतर आहेराची वही. कुणी किती रुपये, कुणी खण, कुणी पातेलं दिलं याची नोंद ज्या वहीत आहे तिच्यात गावांची आणि नात्यांची नावं ओळीने मिळतात. पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं, ज्यांवर टपालाचा शिक्का आहे. लग्नपत्रिका. रेशन कार्ड, ज्यावर घरातली माणसं वयासह असतात. जुनी कालनिर्णयं कुणी जपली असतील तर मागे-पुढे दुधाचे, गॅसचे, पाहुण्यांचे, दवाखान्याचे टिपण असतं. हे सारं चाळताना एक वही शेजारी ठेवा आणि काय, कुठे सापडलं, कुणाच्या ताब्यात आहे, एवढं लिहीत चला.

सरकारी कागद

आजी ज्या शाळेत गेली ती जिल्हा परिषदेची असेल तर तिथे प्रवेश-निर्गम रजिस्टर असतं. त्याचा उतारा मागा. त्यात नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, शाळा कधी आणि का सोडली, हे असतं. ‘घरकामास’ हा शब्द तिथे वाचायला मिळू शकतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या नोंदी गावोगावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये असतात आणि त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायच्या. कित्येक मोडीत आहेत. पुणे, मुंबई, कोल्हापूरकडे मोडी वाचून लिप्यंतर करून देणारी जाणकार मंडळी आहेत, फोटो पाठवून काम होतं.

बायकांचं नाव सातबाऱ्यावर शोधून सहसा हाती काही लागत नाही. त्यांना फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं बदलल्याच्या नोंदीत शोधा. तिचे वडील वारल्यावर वारसनोंदीचा जो फेरफार झाला त्यात मुलींची नावं येतात, बहुतेकदा सासरच्या नावासह आणि गावासह. त्यानंतर भावांच्या नावे हक्कसोडपत्र झालं असेल तर त्यावर तिची सही किंवा अंगठा असतो. एका बाईच्या आयुष्यातला तो एकमेव सरकारी कागद असू शकतो, आणि त्यात तिने काय सोडलं ते लिहिलेलं असतं. भूमी अभिलेख विभागाने अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार ऑनलाइन ठेवले आहेत. आपला जिल्हा त्यात नसेल तर तलाठी किंवा तहसील.

वंशावळीसाठी दोन ठिकाणं विसरू नका. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथले तीर्थोपाध्याय, ज्यांच्या बाडांत गाव आणि आडनावानुसार पिढ्यान् पिढ्या येऊन गेलेल्यांच्या नोंदी आहेत. आणि कोल्हापूर-सांगलीकडे येणारे हेळवी, जे घराण्याची वंशावळ सांगत फिरतात. दोन्हीकडे पुरुषांची नावं भरपूर मिळतील, बायकांची कमी. ती जागा आपल्या ध्वनिमुद्रणातून भरायची.

फोटो

फोटो ओळखायचं काम आजीसमोर बसून करा. मागे पुढे करत नाही, सरळ सांगते: हे काम इतर सगळ्याच्या आधी उरका. कागद दहा वर्षांनीही सापडेल. फोटोत डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारं माणूस सापडणार नाही.

प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि डावीकडून उजवीकडे नावं वहीत लिहा. फोटोच्या मागे लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा ठसा पुढून उमटतो. स्टुडिओचा शिक्का असेल तर मागची बाजूही स्कॅन करा, गाव कळतं. स्कॅन ६०० डीपीआयला करा, फोटो लहान असेल तर १२०० ला. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट तिरप्या उजेडात कॅमेऱ्याने टिपा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो हळूहळू बाहेर काढून कागदी पाकिटांत ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी तो बारीक होऊन पोहोचतो आणि छापताना धूसर येतो.

माणूस गेल्यानंतरचे दिवस

दहाव्या-तेराव्याला जी माणसं जमतात ती पुन्हा एकत्र येत नाहीत. त्या दिवसांत घरात एक वही ठेवा आणि घरातल्या एखाद्या शांत भाच्याकडे किंवा पुतणीकडे ती सोपवा. ‘आठवण लिहा’ म्हटलं की लोक ‘थोर मनाच्या होत्या’ लिहितात. त्यापेक्षा एकच प्रसंग मागा, कुठे आणि साधारण कधी घडला ते सांगून. शेजारीण, कामाला येणारी बाई, भिशीतल्या मैत्रिणी, भजनी मंडळ, जुने भाडेकरू यांना आवर्जून विचारा. घरच्यांना न दिसलेली आजी यांच्याकडे असते.

दोन माणसं एकच प्रसंग वेगळा सांगतील. भांडण सोडवत बसू नका, दोन्ही लिहा, सांगणाऱ्याच्या नावासह.

न बोललेलं

लहानपणी गेलेली मुलं, मोडलेलं पहिलं लग्न, वाटणीतलं भांडण, सासूचा जाच, कर्ज. हे निघतं. निघाल्यावर एकच विचारा, ‘हे लिहू का?’ नको म्हणाली तर नाही लिहायचं. ‘मी गेल्यावर लिही’ म्हणाली तर ते वाक्यही मुद्रित करून ठेवा. हयात माणसांबद्दलचं आलं असेल तर छापण्याआधी त्यांना तेवढी पानं दाखवा. पण सगळं गोड करून लिहायचा हट्ट घरातून होईल, त्याला तुम्ही बधू नये असं मला मनापासून वाटतं. बाईने काय सोसलं हे पुसून टाकून तिला त्यागमूर्ती म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

लिहिणं आणि छापणं

ध्वनिमुद्रण उतरवायला मोबाइलचं मराठी बोलून-टंकन मदत करतं, पण बोलीत ते अडखळतं. त्यामुळे कानाने ऐकून दुरुस्ती हवीच. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, झाडी, जी तिची बोली असेल ती तशीच ठेवा. तिच्या तोंडची वाक्यं प्रमाण मराठीत घालू नका. अवघड शब्दाचा अर्थ तळाशी द्या.

मजकूर जन्म-शिक्षण-विवाह अशा ओळीत लावण्यापेक्षा तिने राहिलेल्या घरांप्रमाणे लावा. माहेरचं घर, सासरचा वाडा, चाळीतली खोली, मुलाचा फ्लॅट. बायकांचं आयुष्य घरं बदलताना वळतं, आणि वाचणाऱ्यालाही वाट सापडते. विशेषणं गाळत चला. प्रत्येक ‘कष्टाळू’च्या जागी काय काम, किती वाजता, किती जणांसाठी, हे घाला.

पुस्तिका ए-फाइव्ह आकाराची, ६४ ते ९६ पानांची पुरेशी होते. पिनांची बांधणी करायची तर पानं पातळ ठेवा आणि पानांची संख्या चारच्या पटीत. त्याहून जाड असेल तर पाठीला डिंकबांधणी. अक्षर १४ पॉइंटचं ठेवा, वाचणारे बरेच सत्तरीपुढचे असतील. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करा. छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतलं तर जोडाक्षरं तुटू शकतात, म्हणून अंतिम पीडीएफ स्वतः वाचून मगच छापायला सांगा. पन्नास-साठ प्रतींना डिजिटल छपाई परवडते. नावं, नाती आणि साल यांची तपासणी घरातल्या दोन वेगळ्या माणसांकडून करून घ्या, एक माहेरचं, एक सासरचं.

ठेवायचं कुठे

मूळ ध्वनिमुद्रणं ही पुस्तिकेइतकीच महत्त्वाची आहेत. फाइलला नाव देताना आधी तारीख, मग विषय: ‘२०२५-०१-१९ माहेरचं घर’. तीन प्रती करा. एक हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावंडाकडे. दर दिवाळीला सफाईबरोबर त्या उघडतात का ते पाहा. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पावसाळ्यात घाम धरतो. सुती कापडात किंवा कागदी पाकिटात, जमिनीपासून वर ठेवा, कसरीपासून जपून.

प्रती वाटताना एक तिच्या माहेरच्या गावच्या वाचनालयाला आणि एक शाळेला द्या. वाटप झालं की फोन येऊ लागतील: ‘ती विहीर आमच्या परसात होती, तुम्ही चुकीचं लिहिलंय,’ ‘माझ्याकडे तिची तीन पत्रं आहेत.’ त्यासाठी शेवटी दोन पानं कोरी सोडा, संपर्काचा नंबर द्या आणि आलेली प्रत्येक दुरुस्ती, पाठवणाऱ्याच्या नावासह, मूळ फाइलमध्ये चढवत जा. पुरेशा जमल्या की दुसरी आवृत्ती काढता येते.